संप्रेरके, वय आणि झोप : वऱ्हाडातील गृहजीवनाच्या संदर्भात एक ऐतिहासिक विचार

प्रस्तावना

झोप हा इतिहासाचा विषय होऊ शकतो, ही गोष्ट मराठी इतिहासलेखनाने फारशी मनावर घेतलेली नाही. राज्ये, लढाया, चळवळी यांचा इतिहास लिहिला गेला. पुढे शेती, दुष्काळ, रोगराई यांचाही लिहिला गेला. परंतु माणूस आपल्या आयुष्याचा जवळजवळ तिसरा हिस्सा ज्या अवस्थेत घालवितो, त्या अवस्थेच्या वेळा कोणी ठरविल्या, कोणासाठी ठरविल्या आणि त्या शरीराला मानवल्या काय, हे प्रश्न बहुधा वैद्यकाकडे सोपविले गेले. वैद्यकाने शरीराचा विचार केला, पण घराचा केला नाही. एकाच छपराखाली आजी, सासू, सून, वयात येणारी मुलगी आणि तान्हे मूल निजत असतात, आणि त्या प्रत्येकाच्या रक्तातील संप्रेरकांचे वेळापत्रक वेगळे असते.

बुलढाणा जिल्ह्याच्या मोताळा तालुक्यातील धामणगाव बढे हे वऱ्हाडातील कापूस पिकविणाऱ्या मुलखातले गाव. अशा गावांतील गृहजीवन समोर ठेवून प्रस्तुत निबंधात एका मर्यादित मुद्द्याचा विचार केला आहे. तान्हे मूल, बाळंतीण आणि वृद्ध या तिघांच्या झोपेचे वेगळेपण परंपरेने ओळखले होते व त्यांना सवलतही दिली होती. मात्र वयात येणारी मुले-मुली आणि पाळी जाण्याच्या वयातील स्त्री, या दोन अवस्थांना झोपेच्या बाबतीत नावच मिळाले नाही. संप्रेरकांमुळे झोप ज्या टप्प्यांवर सर्वाधिक बदलते, त्यांपैकी नेमके हे दोन टप्पे होत. पहिल्याला आळस म्हटले गेले. दुसऱ्याला काहीच म्हटले गेले नाही.

शास्त्राची वाटचाल

'हार्मोन' हा शब्द इंग्लंडमधील शरीरशास्त्रज्ञ अर्नेस्ट स्टार्लिंग यांनी १९०५ मध्ये वापरात आणला. मराठीत त्यास 'संप्रेरक' हा समर्पक प्रतिशब्द रूढ झाला. झोपेचा अभ्यास मात्र वेगळ्या वाटेने चालला होता. जर्मनीतील हान्स बर्गर यांनी १९२९ मध्ये मानवी मेंदूतील विद्युत्‌लहरींची नोंद प्रसिद्ध केली आणि १९५३ मध्ये शिकागो येथील युजीन ॲसेरिन्स्की व नॅथॅनियल क्लाइटमन यांनी डोळ्यांच्या जलद हालचालींची, म्हणजे स्वप्नांशी निगडित अशी निद्रावस्था वर्णन केली. या दोन वाटा एकत्र येऊ लागल्या त्या १९५८ नंतर. त्या वर्षी अमेरिकेतील येल विद्यापीठात आरन लर्नर यांनी गाईगुरांच्या पिनियल ग्रंथींतून मेलाटोनिन वेगळे काढल्याचे जाहीर केले. अंधार पडल्यावर वाढणारे आणि उजेडात दबणारे हे संप्रेरक शरीराला रात्र झाल्याची वर्दी देते. १९८० मध्ये आल्फ्रेड लेवी व त्यांच्या सहकाऱ्यांनी, प्रखर उजेडाने माणसातही मेलाटोनिन दबते, हे दाखवून दिले.

दरम्यान इतर संप्रेरकांचीही झोपेशी असलेली गाठ उलगडत गेली. वाढीच्या संप्रेरकाचा मोठा स्राव रात्रीच्या पहिल्या गाढ झोपेत होतो, हे १९६८ मध्ये सिद्ध झाले. 'झोपेत मूल वाढते' हे घरोघरच्या बायकांचे म्हणणे प्रयोगशाळेने उशिरा मान्य केले, असे म्हणावयास हरकत नाही. १९७२ मध्ये असे आढळले की, वयात येण्याच्या सुरुवातीला पीयूषिका ग्रंथीकडून जननग्रंथींना जाणारे संदेश झोपेतच उसळतात. मूल वयात येते तेच मुळी झोपेत. कॉर्टिसोल पहाटेकडे वाढू लागते आणि जागे होण्याच्या सुमारास उच्चांक गाठते. प्रोजेस्टेरॉनसारख्या संप्रेरकांना गुंगी आणण्याचा गुण आहे, हे हान्स सेल्ये यांनी १९४१ मध्येच प्राण्यांवरील प्रयोगांत पाहिले होते. त्याचा अर्थ लागण्यास पुढे चाळीसहून अधिक वर्षे गेली.

परंपरेने ओळखलेली वये

आयुर्वेदाने आहार, निद्रा आणि ब्रह्मचर्य हे शरीराचे तीन उपस्तंभ मानले. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात दिवसा झोपण्याचा सर्वसाधारण निषेध आहे. ग्रीष्म ऋतूचा तेवढा अपवाद. परंतु बालक, वृद्ध, दुर्बल, श्रमाने थकलेले अशांना मात्र इतर ऋतूंतही दिवसा झोपण्याची मोकळीक दिली आहे. वाग्भटाने निरोगी मनुष्याने ब्राह्ममुहूर्ती उठावे असे सांगितले. हा नियम पुढे इतका सर्वमान्य झाला की पहाटे उठणे हे आरोग्याचे लक्षण न राहता शीलाचे लक्षण बनले. येथे एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे : ग्रंथांतील सवलतीच्या यादीत बालक आहे, वृद्ध आहे, सोळा वर्षांचा मुलगा किंवा मुलगी वयाच्या कारणाने त्या यादीत नाही.

तान्ह्या मुलाविषयी लोकाचार आणि शास्त्र यांचे बऱ्यापैकी जुळते. जन्मतः बाळाला रात्र-दिवस यांचे भान नसते. मेलाटोनिनची स्वतःची लय साधारण तिसऱ्या महिन्याच्या सुमारास दिसू लागते. तोवर आईच्या रात्रीच्या दुधातून ते थोडेफार बाळाला मिळत असते. दिवसाच्या दुधात ते जवळजवळ नसते. पुढे बालपणाच्या पहिल्या काही वर्षांत रात्रीच्या मेलाटोनिनची पातळी सर्वांत उंच असते आणि दिवेलागणीनंतर लहान मूल ज्या सहजतेने पेंगू लागते, त्याचे एक कारण हेच होय.

बाळंतिणीच्या बाबतीत सव्वा महिन्याची प्रथा विशेष विचारार्ह आहे. वार पडल्यानंतर काही दिवसांतच प्रोजेस्टेरॉन व इस्ट्रोजेन यांची पातळी एकदम खाली येते. गरोदरपणात महिनोन्‌महिने मिळत आलेला तो गुंगीचा आधार सुटतो, आणि त्याच वेळी दर दोन-तीन तासांनी पाजण्यासाठी उठावे लागते. पाजताना वाढणारे प्रोलॅक्टिन आईला पुन्हा झोपेकडे नेण्यास मदत करते. पहिले बाळंतपण माहेरी व्हावे, रात्री मूल रडले तर आजीने घ्यावे, बाळंतिणीने चुलीकडे फिरकू नये, या चालींनी झोपेचे हे खंडित वेळापत्रक तरून नेता येत असे. चालीमागचे सांगितलेले कारण सोयर-सुतकाचे होते, आणि कोंडलेल्या अंधाऱ्या खोलीतील शेगडीच्या धुराने अपायही होई. तेव्हा प्रथेचे सरसकट गुणगान करण्याचे कारण नाही. शिवाय ही विश्रांती जमीनजुमला असलेल्या घरांपुरती होती. दुसऱ्यांच्या शेतात राबणाऱ्या बाईचा सव्वा महिना पुष्कळदा पंधरवड्यातच संपे.

कायद्यानेही या भेदाला हात लावला नाही. मुंबई विधिमंडळात १९२८ मध्ये प्रसूति-साहाय्याच्या विधेयकाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी पाठिंबा दिला आणि १९२९ मध्ये मुंबई इलाख्याचा कायदा झाला. वऱ्हाड ज्या प्रांतात होते त्या मध्य प्रांतात असा कायदा १९३० मध्ये आला. दोन्ही कायदे कारखान्यातील स्त्रियांसाठी होते. कापूस वेचणारी त्यांत बसत नव्हती. सरकी काढणाऱ्या जिनात गेली तरच ती कायद्याच्या दृष्टीला पडण्याची शक्यता.

जात्यावरची पहाट

पिठाची गिरणी येण्यापूर्वी गावातील स्त्रीचा दिवस कोंबडा आरवण्याआधी सुरू होई. घरातल्या माणसांच्या भाकरीचे पीठ रोज दळावे लागे. परसाकडे जाणेही उजाडण्यापूर्वी उरकावे लागे, कारण आडोसा अंधाराचाच. या पहाटेने मराठीला ओवीचे फार मोठे धन दिले. हेमा राईरकर आणि गी प्वातवँ यांच्या पुढाकाराने महाराष्ट्रातील हजाराहून अधिक गावांतून एक लाखाहून जास्त ओव्या संकलित झाल्या. साहित्याच्या अंगाने त्यांचा बराच विचार झाला आहे. परंतु जात्यावर बसणाऱ्या बाईचे वय काय होते, आणि त्या वयात पहाटे तीन-चारला उठणे म्हणजे शरीराला काय होते, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो.

जात्याच्या खुंट्याला लागणारा हात बहुधा सुनेचा असे, आणि सून पुष्कळदा वयात येणारी किंवा नुकतीच आलेली मुलगी असे. १८९१ च्या संमतिवयाच्या कायद्याने ही मर्यादा दहावरून बारावर नेली एवढ्यावरून महाराष्ट्रात केवढे वादळ उठले ते सर्वश्रुत आहे. १९२९ च्या बालविवाह प्रतिबंधक कायद्याने मुलीचे विवाहवय किमान चौदा केले. अठरा वर्षांची अट यावयास १९७८ साल उजाडले. रमाबाई रानडे यांचा विवाह १८७३ मध्ये वयाच्या अकराव्या वर्षी झाला. दिवसभर सासरच्या बायकांच्या शिस्तीत राहून रात्री पतीकडे शिकणाऱ्या त्या मुलीचे चित्र त्यांच्या १९१० मधील आठवणींत आहे. सुधारकाच्या घरातही मुलीच्या अभ्यासाला मोकळा वेळ मिळाला तो रात्रीचा.

आता शास्त्राकडे वळले तर असे दिसते की वयात येताना शरीराचे घड्याळ मागे रेंगाळू लागते. रात्रीचे मेलाटोनिन उशिरा चढते आणि सकाळी उशिरा उतरते. गाढ झोपेची गरज मात्र कमी झालेली नसते. मेरी कार्स्केडन व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये दाखविले की रात्री उशिरा जागण्याकडे असलेला हा कल शारीरिक प्रौढतेच्या पायरीशी निगडित आहे. केवळ वाईट सवयीने त्याचा उलगडा होत नाही. जर्मनीतील टिल रोएनेबर्ग यांच्या गटाने २००४ मध्ये मांडलेल्या निष्कर्षानुसार ही रेंगाळण्याची प्रवृत्ती मुलींमध्ये साधारण साडेएकोणीस आणि मुलांमध्ये एकविसाच्या आसपास टोकाला पोहोचते व नंतर ओसरू लागते. उतारवयात गती उलटी होते. गाढ झोप आणि तिच्याबरोबर येणारे वाढीचे संप्रेरक कमी होते, मेलाटोनिनची रात्रीची पातळी खालावते, झोप लवकर येते आणि पहाटे आपोआप उघडते.

सासू आणि सून यांच्यातील जुन्या भांडणाला येथे एक नवा अर्थ मिळतो. 'आम्ही तुझ्या वयाच्या असताना चारला उठत होतो' असे म्हणणारी सासू खोटे बोलत नसे. ती उठत असे. परंतु उठताना काय वाटत होते ते ती विसरलेली असे, आणि आता तर तिला उठणे सोपेच झालेले असे. स्वतःच्या शरीरातील बदल तिने शिस्त मानला आणि सुनेच्या शरीरातील बदल तिने आळस मानला. वादात अधिकार सासूकडे असल्यामुळे पहाटेची वेळ तिच्या घड्याळाने ठरली.

या अनुमानाला अर्थातच मर्यादा आहेत. गेलेल्या पिढ्यांचे रक्त तपासता येत नाही. विजेच्या दिव्याविना जगणाऱ्या समाजात तरुणांचे रेंगाळणे आजच्याहून कमी असावे, असे मानण्यास जागा आहे. तथापि ते मुळीच नसावे असेही नाही. टांझानियातील हाझा या शिकारी-संग्राहक लोकांच्या तेहतीस प्रौढांचा वीस दिवस अभ्यास करून २०१७ मध्ये जे निष्कर्ष प्रसिद्ध झाले, त्यांत सर्वजण एकाच वेळी झोपलेले असण्याचा काळ या वीस दिवसांत मिळून अवघा अठरा मिनिटांचा निघाला. कोण कधी जागे, याचा संबंध वयाशी होता. अशा विविधतेमुळे टोळीत रात्रभर कोणीतरी सावध राहते, असे अभ्यासकांनी सुचविले. म्हणजे वयपरत्वे झोपेत पडणारे अंतर ही बहुधा फार जुनी सोय आहे. एकाच वेळी सर्वांनी उठण्याचा आग्रह त्या मानाने अलीकडचा.

घड्याळ, शाळा आणि शासननिर्णय

विसाव्या शतकाच्या मध्यानंतर ऑइल इंजिनावरच्या आणि पुढे विजेवरच्या गिरण्या गावोगावी पसरल्या, जाते कोपऱ्यात गेले, आणि मुलीच्या पहाटेवर दुसऱ्या एका सत्तेने हक्क सांगितला. ती सत्ता घड्याळाची. मुंबई-नागपूर लोहमार्ग १८६७ मध्ये पूर्ण झाला तेव्हा मलकापूर स्थानकाने या भागाला घड्याळ दाखविले. १ जानेवारी १९०६ पासून भारतीय प्रमाणवेळ लागू झाली. ती साडेब्याऐंशी अंश पूर्व रेखांशाची. धामणगाव बढे सुमारे शहात्तर अंशांवर आहे, म्हणून तेथे सूर्य सरासरीने घड्याळाच्या पंचवीस मिनिटे मागे चालतो. मुंबईत हा फरक सुमारे एकोणचाळीस मिनिटांचा असल्याने तेथे गिरणीकामगारांनी १९०६ मध्ये नव्या वेळेविरुद्ध दंगा केला व शहराने आपली वेगळी वेळ पुढे जवळजवळ अर्धशतक जपली. वऱ्हाडातील खेड्यात शेताची वेळ सूर्याचीच राहिल्यामुळे कोणाला त्याचे काही वाटले नसावे. वाटू लागले ते सात-साडेसातची सकाळची शाळा आणि तालुक्याला जाणारी एस. टी. यांमुळे. सकाळी साडेसात म्हणजे त्या गावच्या सूर्याने सात वाजून पाच मिनिटे. आधीच मागे रेंगाळणाऱ्या शरीराला प्रमाणवेळ आणखी पंचवीस मिनिटे पुढे ओढते.

डिसेंबर २०२३ मध्ये तत्कालीन राज्यपाल रमेश बैस यांनी मुलांची झोप पुरी होत नसल्याचे सांगून शाळांच्या वेळा बदलण्याची सूचना केली. त्यानंतर फेब्रुवारी २०२४ मध्ये राज्य शासनाने निर्णय काढला की २०२४-२५ पासून पूर्वप्राथमिक ते चौथीचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत. झोपेच्या कारणाने शाळेची वेळ बदलण्याचा हा निर्णय महाराष्ट्राच्या शैक्षणिक इतिहासात दखलपात्र आहे. परंतु तो कोणासाठी घेतला गेला हे पाहिले की चरकाच्या यादीची आठवण होते. बालकाला सवलत मिळाली. आठवी ते बारावीची मुले, ज्यांच्या रक्तातील मेलाटोनिन खरोखरच उशिरा चढते, ती निर्णयाबाहेर राहिली. उलट, एकाच इमारतीत दोन सत्रे चालविणाऱ्या शाळांत लहानांना नंतरची वेळ दिली की मोठ्यांच्या वाट्याला सकाळ येण्याचीच शक्यता अधिक. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्याने २०१९ मध्ये कायदा करून २०२२ पासून माध्यमिक शाळांना वेळेची बंधने घातली, त्यात वरच्या वर्गांची वेळ खालच्या वर्गांपेक्षा उशिराची, साडेआठची आहे. दोन्ही निर्णय मुलांच्या झोपेविषयीच्या काळजीतून आले. एकाने शास्त्र विचारले, दुसऱ्याने वात्सल्य.

नाव न मिळालेले वय

पाळी जाण्याच्या सुमारास, म्हणजे भारतीय स्त्रियांच्या बाबतीत बहुधा पंचेचाळीस ते पन्नासच्या दरम्यान, अंडाशयांतून येणारे इस्ट्रोजेन आधी अनियमित होते व मग आटते. मेंदूतील उष्णतानियंत्रण बिघडून रात्री अंगातून वाफा निघतात, घाम फुटतो, झोप मोडते. प्रोजेस्टेरॉन गेल्याने गुंगीचा आधार तर जातोच, पण श्वासमार्गाचे स्नायू ताठ ठेवण्यास होणारी त्याची मदतही जाते. म्हणून घोरणे आणि झोपेत श्वास अडखळणे हे विकार या वयानंतर स्त्रियांत वाढतात. या वयातील बाई बहुधा सासू झालेली असते. सुनेला पहाटे उठविणाऱ्या सासूपैकी कितीजणी मुळात रात्रभर झोपलेल्याच नसतील, याचा हिशेब कोणत्याही बखरीत किंवा ओवीसंग्रहात मिळणार नाही.

स्त्रियांचे हे दुखणे कोणी विचारीत नसे, याचा सज्जड पुरावा विदर्भानेच दिला. डॉ. राणी व डॉ. अभय बंग यांनी गडचिरोली जिल्ह्यातील दोन गावांत साडेसहाशे स्त्रियांची तपासणी करून १९८९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ब्याण्णव टक्के स्त्रियांना स्त्रीरोग आढळले. त्यापूर्वी तशी तपासणी झालेल्या स्त्रिया अवघ्या आठ टक्के होत्या. मुलांच्या संख्येपलीकडे गर्भाशयाची चौकशी करण्याची रीतच नव्हती.

त्याच गर्भाशयाची पुढे जी चौकशी झाली ती निराळ्या कारणाने. मराठवाड्यातून, विशेषतः बीड जिल्ह्यातून, ऊसतोडीला जाणाऱ्या जोडप्याला 'कोयता' म्हणतात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते आणि कामाचा दिवस बुडाला की खाडा लागतो. पाळीच्या दिवसांत खाडे नकोत, अंगावर जाण्याचा त्रास नको, म्हणून तरुण बायकांनी 'पिशवी काढून टाकल्याच्या' बातम्या २०१९ मध्ये गाजल्या. त्यावर शासनाने नेमलेल्या समितीच्या कामात बीड जिल्ह्यातील ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांच्या पाहणीत १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. म्हणजे साधारण सहा स्त्रियांमागे एक. शस्त्रक्रियेत अंडाशयेही गेली तर रजोनिवृत्ती पाच-सात वर्षांत हळूहळू न येता एका दिवसात येते. ती ठेवली तरी त्यांचे काम नेहमीपेक्षा लवकर थांबण्याचा संभव असतो. तिसाव्या-पस्तिसाव्या वर्षी रात्रीचा घाम, तुटलेली झोप, आणि पहाटे चारला पुन्हा फड, असा तो हिशेब होता. या प्रकरणाची चर्चा कंत्राट, दवाखाने आणि पैसा यांच्याभोवती झाली आणि ती व्हावयासच हवी होती. झोपेचा उल्लेख तीत अभावानेच आला. केंद्राच्या आरोग्य मंत्रालयाने २०२२ मध्ये अनावश्यक शस्त्रक्रिया रोखण्यासाठी मार्गदर्शक सूचना काढल्या व एप्रिल २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राज्यांना त्यांची तीन महिन्यांत अंमलबजावणी करण्याचा आदेश दिला.

२०१३ मध्ये केंद्राने आरोग्यसेवेची जी आयुष्यक्रमानुसार मांडणी स्वीकारली, तिच्यात प्रजननवय, माता, नवजात, बालक आणि किशोरवय यांचा समावेश आहे. किशोरवयाला यामुळे निदान नाव तरी मिळाले. प्रजनन संपल्यानंतरची स्त्री त्या मांडणीत नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात स्त्रियांना प्रश्न विचारले जातात ते पंधरा ते एकोणपन्नास या वयात; पन्नासावे लागले की सर्वेक्षकाची प्रश्नावली तिच्यासाठी मिटते, आणि रात्री दोनला उठून ओसरीवर वाऱ्याला बसणाऱ्या बाईची नोंद घेणारा रकाना त्या प्रश्नावलीत त्याआधीही नसतो.